वर एक, खाली एक

खडेबाजारातल्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी खिळे जुळवले.
डाव्या हाताला मराठीची केस, उजव्या हाताला कानडीची.
लग्नपत्रिका, वास्तुशांत, उत्तरकार्याची कार्डं,
सगळं उलटं वाचायचं, आरशातल्यासारखं,
एक अनुस्वार निसटला
तरी मालक दुपारभर बोलत राहायचा.

मग ऑफसेट आलं. खिळे किलोवर गेले.
जाताना मालकानं दोन पोती दिली,
न खपलेल्या पत्रिका, जाड कागदाच्या.
म्हणाला, घेऊन जा, बंब तरी पेटेल.

बंबात नाही घातल्या.
शहापूरच्या शाळेत मागची खोली आहे,
तिथं कणबर्गीबाईंनी एक पाटी हातात दिली,
आणि लाकडी मुठीचा टोचा.
म्हणाल्या, काका, मागून टोचायचं, की पुढून वर येतं.
उजवीकडून डावीकडं. प्रत्येक अक्षर उलटं.
जमेल का?

बाई, म्हटलं, मला दुसरं काय येतंय?

सातवीचं विज्ञान. डोळसांना एक पुस्तक,
ठिपक्यांत त्याचे पाच खंड होतात.
जूनचे खंड दिवाळीनंतर आले,
तिसरा आलाच नाही.
त्यात काय होतं रे, मी जांबोटीच्या सातेरीला विचारलं.
तो म्हणाला, उष्णता.
म्हणून यंदा उष्णता मी टोचतोय,
कुणाच्या तरी न झालेल्या लग्नाच्या पाठीवर.

कोपऱ्यात उठावाचा गणपती असतो.
संकेश्वरच्या महादेवीचं बोट ओळ संपवून
तिथं जाऊन अडलं.
काका, इदु याव अक्षर?
अक्षर नव्हे गं, गणपती.
तिनं तो पुन्हा वाचला, सोंडेपासून,
आणि म्हणाली, भाळ छलो टोचलाय.
मी श्रेय घेतलं.

अल्फियाला ठिपके नकोत.
तिला थोडं दिसतं; थोडं म्हणजे किती, ते तीच जाणे.
तिच्यासाठी पिवळं कार्ड, काळा जाड मार्कर,
पानावर चारच ओळी.
तरी नाक कागदाला टेकतं,
शाई शेंड्याला लागते,
आणि वर्गात ते कुणालाच कळत नाही.
मी हळूच सांगतो, पूस.

आणि तो दिवस.
एकाच बाकावर सातेरी नि महादेवी,
दोघांत एकच पान, फाटलेलं,
कुठल्या पुस्तकाचं ते मलाही आठवेना.
इदु नम्म क, ती म्हणाली.
न्हवं, आमचा हाय की, तो म्हणाला.
बोटावर बोट चढलं.
वर एक ठिपका, खाली एक,
मधली जागा मोकळी.
माझ्या दोन केशींत दोन वेगळे खिळे होते ह्याचे,
चुकून मिसळले तर पगार कापायचे.
इथं बघतो तर एकच.
दोघं माझ्याकडं तोंड करून थांबले,
काका सांगतील कुणाचा.
मी म्हटलं, पुढचं वाचा.

परवा जिल्ह्याचा नकाशा केला.
नद्यांना लोकर, डोंगराला रवा,
गावांना मसूर, एकेक दाणा.
लोकर निळी आणली सवयीनं, मग वाटलं,
निळी कुणासाठी? अल्फियासाठी असू दे.
हद्दीला सुतळी लावली, जरा जाडच.

सातेरीचं बोट सुतळीवर बराच वेळ चाललं.
ही कंची नदी, काका?
नदी नव्हे, हद्द.
पाणी न्हाई?
न्हाई.
मग एवढी उंच का केलीसा?
खालून हिरण्यकेशी येते संकेश्वराकडं,
ती तर दबली की.

मला उत्तर सुचलं नाही. घंटा झाली, बरं झालं.

आज आलो तर सुतळी तेवढ्या जागी उचकटलेली,
खाली निळी लोकर मोकळी.
कुणी केलं, मी विचारलं नाही.
महादेवीच्या नखाला डिंक होता.
फेविकॉल कमी पडला असेल, बाईंना सांगितलं,
आणि टोचा उचलला.
उष्णतेची अजून सोळा पानं राहिलीत.